घर गहाण ठेवण्याआधी: परदेशातल्या संशोधनाचा पैसा कुठून येतो

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी ऐरोलीत राहते. ठाण्यातल्या कॉलेजात एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाचा सीजीपीए ८.१ आहे. ठाणे खाडीच्या गाळातले जड धातू हा माझा प्रोजेक्ट आहे आणि पुढेही संशोधनच करायचंय. बाबा रबाळ्याच्या एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर आहेत, वर्षाचं उत्पन्न सात लाखांच्या आसपास. वाशीच्या एका कन्सल्टन्सीत गेलो, तर त्यांनी इंग्लंडमधलं एक वर्षाचं एम.एस्सी. सुचवलं. फी २३ हजार पाउंड, त्यात ३ हजारांची ‘स्कॉलरशिप’ मिळवून देतो म्हणाले. राहणं-खाणं धरून ३९ लाख. बाबा घरावर कर्ज काढायला निघालेत आणि मला रात्र-रात्र झोप लागत नाही. टोकन भरायला पंधरा दिवस दिलेत, मूळ मार्कशीट त्यांच्याकडेच आहेत. खऱ्या स्कॉलरशिप कुठल्या, मला त्यातली कुठली मिळू शकते, आणि कधी काय करायचं, हे सांगाल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर

मूळ मार्कशीट आधी परत आण. उद्याच जा, बाबांना बरोबर घेऊन जा. अर्जाच्या टप्प्यावर विद्यापीठं सहसा मूळ मार्कशीट मागत नाहीत, स्कॅन प्रत चालते. पुढे ट्रान्स्क्रिप्टसाठी, पासपोर्टसाठी, जातपडताळणीसाठी तुलाच त्या पदोपदी लागणार आहेत. टोकन भरू नकोस.

आता त्या ३ हजार पाउंडांबद्दल. फीमध्ये दिलेली सूट आणि शिष्यवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिष्यवृत्तीत तुझा शिकण्याचा आणि जगण्याचा खर्च दुसरं कुणी उचलतं. फीत सूट मिळाली तरी उरलेले २० हजार पाउंड तूच भरतेस. बाबांपुढे कागदावर हा हिशेब मांड: ३० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत, म्हणजे महिन्याचा हप्ता साधारण साडेचाळीस हजार. बाबांचा महिन्याचा पगार अठ्ठावन्न हजारांच्या घरात. एक वर्षाच्या अभ्यासासाठी दहा वर्षं हा हप्ता, आणि हाती येणार काय, तर दुसरी एम.एस्सी. पहिली तर तुझ्याकडे येत्या उन्हाळ्यात असेलच.

या सगळ्यात मुख्य गोष्ट, जी कन्सल्टन्सीत सहसा कानावर पडत नाही, ती ही: विज्ञान शाखांत परदेशातली पीएच.डी. बहुतेक ठिकाणी पगारी असते. फी माफ असते किंवा नसतेच, आणि दर महिन्याला पैसे मिळतात. हा पैसा प्राध्यापकाच्या प्रोजेक्टमधून, विद्यापीठाकडून किंवा सरकारी संशोधन निधीतून येतो. शिष्यवृत्ती शोधत वणवण करावी लागते ती मुख्यतः मास्टर्ससाठी. तुझी बी.एस्सी.ची तीन आणि एम.एस्सी.ची दोन अशी पाच वर्षं होतायत, संशोधनाचा विषय हातात आहे. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: मास्टर्सचा विचार सोड आणि थेट पगारी पीएच.डी.च्या मागे लाग. विषयच बदलायचा असता, तर गोष्ट वेगळी होती.

तुझ्या विषयाला सगळ्यात सोयीचा वाटतो तो युरोप. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, स्वित्झर्लंड या देशांत पीएच.डी. करणारा हा बऱ्याचदा कर्मचारी असतो. जागेची जाहिरात निघते, अर्ज करायचा, मुलाखत द्यायची, करार करायचा. जर्मनीतल्या जाहिरातीत ‘टीव्ही-एल ई-१३, ६५ टक्के’ असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. त्याचा अर्थ, सरकारी वेतनश्रेणी १३ आणि त्यातला ६५ टक्के पगार. केमिस्ट्रीत सहसा अर्धा ते दोन-तृतीयांश देतात. काम मात्र पूर्णवेळ असतं, हे आधीच समजून घे. त्यातून कर, आरोग्यविमा आणि पेन्शनची वर्गणी कापली जाते. हातात येतो त्यात विद्यार्थ्यासारखं राहिलं तर नीट भागतं. मुदत सहसा तीन वर्षांची, मग वाढवून मिळते. डेन्मार्कमध्ये तीन, नेदरलँड्समध्ये चार वर्षं धर.

जाहिराती कुठे बघायच्या? युरोपीय आयोगाच्या ‘युरॅक्सेस’ या पोर्टलवर. तिथे ‘मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्क’ असा शब्दप्रयोग दिसला की थांबून वाच. या जागांना नागरिकत्वाची अट नाही आणि मोबदला चांगला असतो. मुख्य अट ही, की गेल्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. तू कधीच गेलेली नाहीस, म्हणजे इथे तुझी बाजू भक्कम आहे. मग संस्थांच्या स्वतःच्या साइट आहेत. गाळ, पाणी आणि धातू यांवर काम करणारी स्वित्झर्लंडची ‘इआवाग’, लाइपझिगचं हेल्महोल्ट्झ पर्यावरण संशोधन केंद्र, नेदरलँड्समधल्या टेक्सेल बेटावरची सागरी संशोधन संस्था ‘निऑझ’, ब्रेमेनची माक्स प्लांक सागरी सूक्ष्मजीवशास्त्र संस्था. माक्स प्लांकच्या ‘इंटरनॅशनल रिसर्च स्कूल’मध्ये सहसा वर्षातून एकदा एकत्र भरती होते, प्रत्येक स्कूलची तारीख वेगळी. दर रविवारी अर्धा तास काढून या चार-पाच साइट चाळायच्या आणि वहीत तारीख, प्राध्यापकाचं नाव, अटी लिहून ठेवायच्या. युरोपातल्या बहुतेक जागांना अर्जाची फी नसते, हेही लक्षात घे.

अमेरिकेची पद्धत निराळी. तिथे एका प्राध्यापकाकडे नाही, विभागाकडे अर्ज जातो आणि समिती निवडते. मुदत १ ते १५ डिसेंबरच्या आसपास, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत, प्रवेश ऑगस्टचा. फी माफ, आरोग्यविमा आणि स्टायपेंड. त्याच्या बदल्यात पहिली एक-दोन वर्षं पदवीच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घ्यायची, म्हणजे टीचिंग असिस्टंटशिप, आणि नंतर गाईडच्या ग्रँटमधून रिसर्च असिस्टंटशिप. एकूण पाच ते सहा वर्षं. केमिस्ट्रीच्या बहुतेक विभागांनी जीआरई ही प्रवेशपरीक्षा मागणं बंद केलंय किंवा ऐच्छिक ठेवलंय. निधीसह जागा मिळाली, तर उत्तर द्यायला बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात. तिथल्या ग्रॅज्युएट स्कूल्सच्या परिषदेचा तसा ठराव आहे. तेव्हा कुणी ‘तीन दिवसांत कळवा’ म्हणालं, तर नम्रपणे हा ठराव दाखवता येतो. मात्र २०२५ मध्ये तिथल्या केंद्र सरकारच्या संशोधन निधीला कात्री लागली आणि अनेक विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या. सगळी भिस्त अमेरिकेवर ठेवू नकोस. चार-पाच अर्ज तिकडे, बाकी युरोप.

इंग्लंडच सोडायचं असं नाही. तिथल्या सरकारी संशोधन निधी संस्थेच्या, म्हणजे ‘यूकेआरआय’च्या, पीएच.डी. स्टुडंटशिपमध्ये २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही पूर्ण निधी मिळू शकतो, पण एका तुकडीत त्यांचा वाटा ३० टक्क्यांपर्यंतच. २०२५-२६ साठी किमान स्टायपेंड वर्षाला २०,७८० पाउंड होता. जिथे तुला ३९ लाख मोजायला सांगितले, त्याच देशात ही सोय आहे. चुरस मोठी आहे, तरी दोन अर्ज कर.

आता नाव असलेल्या शिष्यवृत्त्या. यातल्या काही तुला आज लागू नाहीत, त्यांच्यावर वेळ घालवू नये म्हणून आधी त्याच सांगतो. अमेरिकेत शिकण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपला किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ नोकरीचा अनुभव लागतो आणि विषय ठरावीक असतात. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंगला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. दोन्ही तुला सध्या बंद. ब्रिटनच्याच कॉमनवेल्थ मास्टर्स शिष्यवृत्तीत फी, विमानभाडं, राहण्याचा भत्ता सगळं येतं, पण मास्टर्ससाठी. इरास्मस मुंडस हे युरोपातलं किमान तीन विद्यापीठांनी मिळून चालवलेलं मास्टर्स. महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, फी माफ. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. पीएच.डी.चं काहीच जमलं नाही तर दुसरा रस्ता म्हणून यातल्या पर्यावरण-रसायनाशी जवळच्या एक-दोन अभ्यासक्रमांना अर्ज करून ठेव. त्यात पैसे जात नाहीत आणि डोक्यावर कर्जही होत नाही.

तुला लागू होतात त्यातली पहिली ‘डाड’, म्हणजे जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा. हिची डॉक्टरल रिसर्च ग्रँट आहे. हिच्यासाठी तिथल्या प्राध्यापकाचं ‘मी या विद्यार्थिनीला घेतो’ असं पत्र आधी हवं, शिवाय संशोधनाचा आराखडा आणि महिन्यांनुसार वेळापत्रक. प्राध्यापक शोधणं हीच यातली पहिली पायरी. लोक अर्ज भरायला घेतात आणि शेवटच्या पंधरवड्यात प्राध्यापक शोधतात, तिथेच फसतात. दुसरी जपान सरकारची मेक्स्ट. वय ३५ च्या आत, अर्ज साधारण एप्रिल-मेमध्ये दूतावासामार्फत, लेखी परीक्षा आणि मुलाखत. फी नाही, विमानभाडं मिळतं, महिन्याला सुमारे १ लाख ४५ हजार येन. दूतावासाच्या पहिल्या चाळणीतून पार पडल्यावर जपानी प्राध्यापकाचं तात्पुरतं स्वीकृतिपत्र मिळवायचं असतं. तेव्हा मेलामेली मार्चपासूनच सुरू करावी लागते.

सरकारी योजनांचं बोलू. पत्रात प्रवर्ग लिहिलेला नाहीस, म्हणून सगळंच थोडक्यात सांगतो. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी आहे. १२५ जागा, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, वय ३५ पर्यंत, किमान ६० टक्के, आणि क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीतल्या पहिल्या ५०० मधल्या संस्थेचं विनाअट प्रवेशपत्र. वार्षिक निर्वाहभत्ता १५,४०० डॉलर, इंग्लंडसाठी ९,९०० पाउंड. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे, ७५ जागा. अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे. मराठा समाजासाठी ‘सारथी’ची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना, तिथेही ७५ जागा. इतर मागासवर्गीय आणि विमुक्त-भटक्यांसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभाग, अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभाग, खुल्या प्रवर्गासाठी तंत्रशिक्षण संचालनालय. राज्याच्या जाहिराती बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर निघतात आणि मुदत फार थोडी असते. अटी दरवर्षी थोड्याफार बदलतात. मागच्या वर्षीची पीडीएफ वाचून कागद जमवलेस तर फसशील, चालू वर्षाचीच जाहिरात वाच.

हे अर्ज बाद होतात ते गुणांवर क्वचित, कागदांवर नेहमी. उत्पन्नाचा दाखला चुकीच्या आर्थिक वर्षाचा. प्रवेशपत्रात ‘इंग्रजीची परीक्षा पार पडल्यास’ किंवा ‘अंतिम निकाल सादर केल्यास’ अशी एक ओळ, म्हणजे ते सशर्त झालं आणि विनाअटच्या रकान्यात बसलं नाही. जातवैधता प्रमाणपत्राऐवजी फक्त जातीचा दाखला. बाबांचं उत्पन्न सात लाख आहे आणि मर्यादा आठ. यंदा ओव्हरटाइम किंवा बोनसने ते आठाच्या जवळ जात असेल तर फॉर्म १६ बघून ठेव. दाखला तहसील कार्यालयाचा लागतो, ‘आपले सरकार’वरून अर्ज करता येतो. प्रवर्ग असेल आणि वैधता प्रमाणपत्र अजून नसेल, तर ठाण्याच्या पडताळणी समितीकडे आजच अर्ज टाक. हे काम महिनोन्‌महिने चालू शकतं.

आणखी एक प्रकार आहे, ज्याच्या नावात शिष्यवृत्ती असते पण तो परत फेडायचा असतो. फोर्टातलं जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून अशी कर्ज-शिष्यवृत्ती देतं. पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, आणि पुढे जयंत नारळीकर याच मदतीवर केंब्रिजला गेले. के. सी. महिंद्रा ट्रस्टचं कर्ज बिनव्याजी असतं. पीएच.डी.चा पगार हातात असताना विमानभाडं आणि सुरुवातीच्या खर्चापुरतं असं कर्ज घेणं शहाणपणाचं आहे. घर गहाण ठेवण्यापेक्षा हे कधीही बरं.

आता प्राध्यापकाला करायच्या मेलबद्दल. इथेच सगळ्यात जास्त मुलं बाद होतात. ‘रिस्पेक्टेड सर, मी कष्टाळू आणि जिज्ञासू विद्यार्थी आहे, आपल्या नामांकित प्रयोगशाळेत संधी मिळावी’ असा मेल एका प्राध्यापकाला आठवड्यात ढिगाने येतो आणि तो न वाचताच जातो. तुझा मेल इंग्रजीतच असेल, पण आशय असा असू दे:

‘तुमचा गाळातल्या कॅडमियमच्या उपलब्धतेवरचा अमुक पेपर वाचला. मी ठाणे खाडीत ऐरोली ते वाशीदरम्यान १२ ठिकाणांहून गाळ घेतला. शिसं, कॅडमियम, तांबं आणि जस्त यांचं एकूण प्रमाण एएएस या यंत्रावर मोजलं, आणि तीन टप्प्यांच्या बीसीआर पद्धतीने कुठला धातू किती घट्ट बांधलेला आहे हे पाहिलं. ब्लँक (नमुन्याशिवायची चाचणी) इतका, प्रमाणित संदर्भ नमुन्याची (ज्यातलं धातूंचं प्रमाण आधीच माहीत असतं) रिकव्हरी इतकी. जस्ताचा बराच भाग पहिल्याच टप्प्यात, ०.११ मोलर ॲसिटिक आम्लात सुटला. भरती-ओहोटीत ऑक्सिजन कमी-जास्त झाला की हा भाग बदलतो का, हे मला पुढे बघायचंय. तुमच्या गटात पुढच्या वर्षी पीएच.डी.ची निधी असलेली जागा आहे का?’

तुझे आकडे वेगळे असतील, जे खरोखर आले तेच लिही. दीडशे-दोनशे शब्द, त्याहून जास्त नको. विषयाच्या ओळीत ‘पीएच.डी. अर्जदार, २०२७, खाडीतल्या गाळाचं धातु-रसायन’ असं नेमकं. सोबत दोन पानांचा सीव्ही, एकच पीडीएफ, फाइलला तुझं नाव. एका वेळी एकच प्राध्यापक. वीस जणांना एकत्र पाठवलेला मेल ओळखू येतो. दहा-बारा दिवस उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण कर, दुसऱ्यांदा नको. पंचवीस मेलना चार उत्तरं आली तरी ती चांगली गोष्ट समज. जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये या मेलवर बरंच काही ठरतं. अमेरिकेत तो फक्त उपयोगी पडतो, निर्णय समितीचाच.

एसओपीचं, म्हणजे ‘मला हे का करायचंय’ हे सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निबंधाचंही तेच. ‘लहानपणापासून विज्ञानाची ओढ होती’ हे वाक्य खोड आणि पहिल्या ओळीतच खाडीवर ये. काय विचारलंस, कसं मोजलंस, काय चुकलं, चूक कशी सापडली, पुढे काय विचारावंसं वाटतं. चुकलेला प्रयोग लिहायला घाबरू नकोस. ॲसिडचा ब्लँक जास्त आला म्हणून काचेची भांडी नायट्रिकमध्ये रात्रभर ठेवून पुन्हा सगळं केलं असशील, तर ते लिही. ज्याला रोज प्रयोगशाळेत काम करायचंय त्याला अशी मुलगी हवी असते.

शिफारसपत्रं तीन लागतात. आपल्याकडे ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं सर्रास सांगितलं जातं. कृपा करून तसं करू नकोस. तिन्ही पत्रं एकाच हाताची निघतात, एकाच प्रकारची वाक्यं असतात, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. त्याऐवजी गाईडना एक पान दे: प्रोजेक्टचे टप्पे, तुझ्या तीन कामांची आठवण, कुठे अर्ज करतेयस, मुदत काय. त्यावरून त्यांना लिहिणं सोपं जातं. दुसरी अडचण मेल आयडीची. अनेक विद्यापीठं शिफारस करणाऱ्याचा संस्थेचाच मेल मागतात आणि आपल्या कॉलेजांतले शिक्षक जीमेल वापरतात. ऑफिसात किंवा प्राचार्यांना सांगून कॉलेजच्या डोमेनवरचा मेल सुरू करून घ्यायला महिना जाऊ शकतो, म्हणून हे काम ऑगस्टमध्येच. मुदतीच्या सहा आठवडे आधी विचार, दोन आठवडे आधी आठवण कर.

ट्रान्स्क्रिप्ट मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातल्या परीक्षा भवनातून मिळतं. ऑनलाइन अर्ज, फी, मग वाट. पाच-सहा सीलबंद प्रती एकदमच घे. मार्कशीटवर आडनाव आधी आणि त्यात आईचंही नाव, पासपोर्टवर निराळा क्रम, असं आपल्याकडे बहुतेकांचं असतं. पासपोर्टवरचं नाव प्रमाण मान आणि सगळे अर्ज त्याच नावाने भर. पासपोर्ट नसेल तर वागळे इस्टेटच्या केंद्राची तारीख आजच घे. सीजीपीए आपणहून चारच्या मापात बदलू नकोस, मूळ १० पैकीच लिही. जर्मनीला रूपांतर लागलं तर बव्हेरियन सूत्र आहे: कमाल गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भाग, तीनने गुण, एक मिळव. किमान ४ धरले तर १० वजा ८.१ म्हणजे १.९, भागिले ६, गुणिले ३, म्हणजे ०.९५, अधिक १, म्हणजे १.९५. तिकडे १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास, तेव्हा हा आकडा चांगला आहे. सीजीपीएची धास्ती घेऊ नकोस.

वेळापत्रक असं ठेव. ऑगस्टमध्ये वीस प्राध्यापकांची यादी आणि इंग्रजीच्या परीक्षेची, म्हणजे आयईएल्ट्‌सची तारीख. सप्टेंबर संपेपर्यंत परीक्षा, ६.५ ते ७ बँड पुरेसे होतात. सप्टेंबर-ऑक्टोबर मेल. ऑक्टोबरमध्ये एसओपीचा मसुदा, दोन वेळा नव्याने लिहून. ऑक्टोबरच्या मध्यात शिफारसींसाठी विचारणं, नोव्हेंबरच्या मध्यात आठवण. १ डिसेंबरच्या आत अमेरिकेचे अर्ज. जानेवारीत इरास्मस. युरोपातल्या जागा वर्षभर निघत राहतात. खर्च म्हणशील तर आयईएल्ट्‌स सुमारे १८ हजार, अमेरिकेचे पाच अर्ज प्रत्येकी ७५ ते १२५ डॉलर, म्हणजे साधारण पस्तीस ते पंचावन्न हजार, बाकी ट्रान्स्क्रिप्ट आणि कुरिअर. एकूण लाखाच्या आत. फी माफीसाठी विभागाला मेल कर, बऱ्याच ठिकाणी देतात. निवड झाल्यावर व्हिसा, तिकीट, खोलीचं डिपॉझिट आणि पहिला पगार हातात येईपर्यंतचा महिना, यासाठी दोन-अडीच लाख वेगळे लागतील. बाबांच्या मदतीची गरज तिथे आहे, आणि तेवढं त्यांना पेलेल.

याच वर्षी सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा फॉर्मही भर, केमिकल सायन्सेस, डिसेंबर सत्र. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिन्याला ३७ हजार आणि भारतात चांगल्या ठिकाणी पीएच.डी. मग त्याच पीएच.डी.तून सहा ते नऊ महिने फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिपवर अमेरिकेत जाता येतं. आज तुला जे फुलब्राइट बंद आहे, ते या दारातून उघडतं. आणि पहिल्या फेरीत कुठेच जमलं नाही तर एक वर्ष प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम कर. सीएसआयआरच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं प्रादेशिक केंद्र अंधेरीत आहे, पर्यावरण अभियांत्रिकीच्या ‘नीरी’ या संस्थेचं मुंबई केंद्र वरळीला. दोघांचाही किनाऱ्याशी, पाण्याशी संबंध. तिथे आयसीपी-एमएस हे धातू मोजण्याचं यंत्र हाताळायला मिळालं आणि तिथल्या शास्त्रज्ञांचं एक शिफारसपत्र मिळालं, तर पुढच्या डिसेंबरचा अर्ज आजच्यापेक्षा कितीतरी भक्कम होईल.

एक काम मात्र प्रोजेक्ट जमा करायच्या आधीच उरक. सबमिशन झालं की विभागाची कपाटं रिकामी करताना मुलांचे नमुने सहसा फेकले जातात. तुझ्या सगळ्या ठिकाणांचा वाळवून चाळलेला गाळ थोडा-थोडा झिपच्या पिशव्यांत, ठिकाण, तारीख आणि खोली लिहून, उजेडापासून लांब वेगळा ठेव. त्यातले तीन नमुने प्रमाणित संदर्भ नमुन्यासोबत पुन्हा एकदा चालवून घे. वरच्या मेलमधली रिकव्हरीची ओळ तुला त्यातूनच भरता येईल, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येण्याची शक्यता जास्त आहे.